असईचा जर्मन आणि माउझरचा क्रमांक

जुनी शस्त्रे जमवणाऱ्यांशी गप्पा मारताना जर्मन पिस्तुलांचा विषय हमखास निघतो. माउझर, ल्युगर ही नावे घेताना त्यांचे डोळे चमकतात. जालना जिल्ह्यात हा विषय निघाला, की मी आधी भोकरदन तालुक्यातील असईची आठवण देतो.

23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी अँथनी पोलमन हा जर्मनीतील हॅनोव्हरचा. सार्जंट म्हणून हिंदुस्थानात आलेला हा गडी शिंद्यांकडे कर्नल झाला. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांचे दीड हजारांवर लोक ठार-जखमी झाले. त्या काळची पिस्तुले चकमकीची, एका वेळी एकच बार काढणारी. युरोपीय घोडेस्वार ती खोगिराला अडकवलेल्या चामडी होल्स्टरमध्ये ठेवत.

माउझरचे प्रसिद्ध पिस्तूल आले ते 1896 साली. त्याची लाकडी पेटी मुठीला जोडली, की ते खांद्याला लावून बंदुकीसारखे झाडता येई. 26 ऑगस्ट 1914 रोजी बंगाली क्रांतिकारकांनी कलकत्त्यात रॉडा कंपनीची अशी 50 पिस्तुले आणि 46,000 काडतुसे पळवली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि कंपनीकडे त्याची नोंद होती. त्यामुळे पुढे सापडलेले पिस्तूल त्यातलेच, हे ताडता येई.

म्हणून संग्राहकांना माझे सांगणे असते, की क्रमांक घासलेले, चकचकीत केलेले पिस्तूल मुके होते. पहिल्या महायुद्धातील जर्मन होल्स्टरवर अनेकदा कारागिराचे नाव आणि साल ठसवलेले आढळते. चामडे नवे दिसावे म्हणून ते रंगवले, की हा पुरावाही गेला.

घरात आजोबांच्या पेटीत पिस्तूल सापडले, तर ते लपवू नका, पोलिसांना कळवा. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीनंतरही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रालाच सूट आहे. बाकीच्यांना परवाना लागतो. मात्र भीतीपोटी ते भंगारातही घालू नका. जालन्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या काही कमी नाहीत. त्याआधी क्रमांक लिहून ठेवा, आणि ते कोणाचे, कुठून आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. इतिहास त्या दोन ओळींत असतो.