उमरीच्या पैशाचा हिशेब

३० जानेवारी १९४८ म्हटलं की देशाला गांधीजींची हत्या आठवते. आमच्या अर्धापूरकडच्या जुन्या माणसांना त्याच तारखेची आणखी एक आठवण असे, उमरीच्या बँकेची. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी त्या दिवशी हैदराबाद स्टेट बँकेची उमरी शाखा लुटली आणि वीस लाखांवर रुपये पैनगंगेपलीकडं, उमरखेडच्या कॅम्पात नेले. निजामाच्या बाजूच्या रझाकारांशी लढायला हत्यारं हवी होती, घरदार सोडून आलेल्या पोरांना भाकरी हवी होती.

आजोबांचं भुसाराचं दुकान होतं. आम्हाला गोष्टीतल्या बंदुका हव्या असत. ते त्या दोन वाक्यांत उरकत. त्या लुटीतल्या नागनाथ परांजपे, बारडचे साहेबराव बारडकर यांची नावं मात्र मानानं घेत. बारड आमच्याजवळचंच गाव, त्यामुळं त्या नावाला घरच्या माणसाचा जिव्हाळा असे. मग ते हिशेबावर येत आणि तिथं रेंगाळत. "पैसा आणला त्याचं काय एवढं? आणल्यावर मोजला, लिहिला, अन् खर्चला तोही लिहिला. हे मोठं, लेकरा." उरलेली रक्कम मुक्तीनंतर हिशेबासकट सरकारजमा झाली, हे सांगताना त्यांचा आवाज चढत असे.

मोठा झाल्यावर मला त्यातली खरी अवघड बाजू कळली. हा पैसा मागायला कुणी येणार नव्हतं. ज्याचा होता ते सरकार शत्रू. पावती नाही, तपासनीस नाही, उद्या आपण जिवंत असू याची खात्री नाही. आणि ज्यांच्या शब्दावर ही पोरं घरातून निघाली ते चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा निजामाच्या तुरुंगात होते. डोळ्यांसमोर नेता नसतानाही वही चोख राहिली.

हे कुठून आलं? माझ्या मते शाळेतून. स्वामीजी म्हणजे मूळचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, १९०३ चा जन्म. मुंबईत ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत काम केलं, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढं अंबाजोगाईच्या योगेश्वरीत मुख्याध्यापक. संन्यास १९३२ मध्ये. राजकारणात ते १९३८ च्या सत्याग्रहात पूर्णपणे उतरले, त्याआधी बरीच वर्षं त्यांनी मुलं घडवली. त्या मुलांनी आपल्या गुरुजींना स्वतःसाठी काही साठवताना पाहिलं नव्हतं. उपदेश विसरला जातो. रोज डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरत नाही. कॅम्पातली शिस्त अशा शिक्षकांनी आधीच पेरलेली होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. स्वामीजी पुढं दोनदा लोकसभेवर निवडून गेले, पण मंत्री झाले नाहीत. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकारानं. पुढं मुख्यमंत्री झालेले शंकरराव चव्हाण आणि पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानत. स्वामीजी २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत वारले तेव्हा मागं ना घर होतं ना इस्टेट.

त्या चळवळीतली काही म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. धुवट खादी, कुडाचं घर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मला त्यांचा हेवा वाटे. कुणाचं देणं नाही, कुणापासून लपवायचं नाही. आजोबांनीही दुकानात फार कमावलं नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की त्यांना झोप लागे.

दर १७ सप्टेंबरला आपल्या गावोगावी झेंडा चढतो, भाषणं होतात, उमरीचं नाव घेतलं जातं. माझी मागणी साधी आहे. त्याच दिवशी, त्याच झेंड्याखाली, ग्रामपंचायतीनं आणि सोसायटीनं वर्षभराचा जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवावा. आणि तो वाचला गेला नाही, तर तुम्ही उठून मागा.