अरूज, फ्रेंच कविता आणि निमा युशिज

युरोपात स्वच्छंदतावाद, प्रतीकवाद आणि अतिवास्तववाद हे संप्रदाय क्रमाने उदयास आले. इराणात मात्र ते बहुतांशी फ्रेंच भाषेच्या वाटेने आणि जवळजवळ एकत्रच पोचले. १८५१ मध्ये तेहरानात स्थापन झालेल्या दारुल्फुनून या विद्यालयाने फ्रेंचच्या अध्ययनाला चालना दिली होती. त्याच शहरातील सेंट लुई या कॅथलिक शाळेत माझंदरान प्रांतातील युश गावचे अली इस्फंदियारी, म्हणजेच निमा युशिज, ती भाषा शिकले. ‘अफसाने’ (१९२२) या त्यांच्या दीर्घ संवादकाव्यावर म्युसे आणि लामार्तिन या फ्रेंच स्वच्छंदतावादी कवींची छाया अभ्यासकांनी दाखवली आहे.

या काव्यातील आत्मनिष्ठ सूर नवा असला, तरी खरा पेच अरूजचा, म्हणजे लघुगुरू अक्षरांच्या ठरावीक गटांवर उभ्या असलेल्या अरबी-फारसी छंदव्यवस्थेचा होता. या गटाला ‘रुक्न’ म्हणतात आणि परंपरेनुसार कवितेच्या प्रत्येक ओळीत रुक्नांची संख्या सारखीच असावी लागते, त्यामुळे आशय संपला तरी ओळ भरून काढणे कवीला भाग पडते. निमांनी रुक्न कायम ठेवून त्यांची संख्या आशयाच्या गरजेवर सोपवली आणि यमकही विचार जिथे पुरा होतो तिथेच योजले. ‘कक्नूस’ या १९३० च्या दशकाच्या अखेरच्या कवितेत या रचनेला प्रतीकवादाची जोड मिळाली, कारण तिथला एकाकी पक्षी कवीचेच प्रतीक ठरतो. फ्रेंच मुक्तछंदाने त्यांना धाडस दिले असेल, परंतु तोडगा अरूजच्याच पोटातून निघाला. (साधारण याच काळात फारसीचे अध्यापक असलेले माधव जूलियन मराठीत नेमका उलटा उद्योग करीत होते आणि निमा जे छंद सैल करीत होते ते ‘गज्जलांजलि’त काटेकोरपणे रुजवीत होते.)

निमांच्या पुढच्या पिढीत ‘खुरूस-ए-जंगी’ या नियतकालिकातून पुढे आलेल्या हूशंग ईरानी यांच्या अतिवास्तववादी कवितेची वाचकांनी थट्टाच केली. त्याच पिढीतील कवी अहमद शामलू यांनी तर अरूज पूर्णपणे सोडला, फ्रेंच कवी एल्युआर आणि स्पॅनिश कवी लोर्का यांच्याशी नाते जोडले, आणि तरीही ते लोकप्रिय झाले. याचे एक कारण असे दिसते की वृत्ताचा आधार गेल्यावर त्यांनी आपल्या ओळींची लय अकराव्या शतकातील इतिहासकार बैहकी यांच्या भारदस्त फारसी गद्यातून घेतली.