मार्क ट्रेल
मार्क ट्रेल : निसर्ग आणि वन्यजीवसंरक्षण यांभोवती गुंफलेली अमेरिकन वृत्तपत्रांतील साहसी चित्रमालिका. जॉर्जिया राज्यातील चित्रकार एड डॉड (१९०२–९१) हे तिचे जनक. पहिली चित्रपट्टी १५ एप्रिल १९४६ रोजी न्यूयॉर्क पोस्टमध्ये छापून आली. अमेरिकेतील बालवीर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॅन बिअर्ड यांच्या शिबिरांत डॉड यांनी तरुणपणी काम केले होते. रानावनाची माहिती मुलांपर्यंत पोहोचवण्याची तीच तळमळ मालिकेत उतरली.

नायक मार्क हा मासिकांसाठी लिहिणारा आणि छायाचित्रे टिपणारा निसर्गलेखक. ‘लॉस्ट फॉरेस्ट’ या काल्पनिक वनात तो राहतो. सोबत अँडी हा सेंट बर्नार्ड कुत्रा, त्याची प्रेयसी चेरी, तिचे पशुवैद्य वडील डॉक डेव्हिस आणि दत्तक मुलगा रस्टी. चोरटे शिकारी आणि जंगल-नद्यांची नासाडी करणारे लोक हे येथील खलनायक, आणि गरज पडली की मार्क त्यांना ठोसा लगावतो. मार्क व चेरी यांचे लग्न मात्र १९९३ पर्यंत लांबले.

चित्रांची मांडणी लक्षणीय आहे. चौकटीत पुढे खार, हरीण किंवा बदक ठसठशीत काढलेले आणि बोलणारी माणसे मागे लहानशी, अशी चौकट वारंवार दिसते. संवादाचा फुगा प्राण्याचाच वाटावा इतकी ही जवळीक साधते. रंजक कथानकापेक्षा ही दृष्टीच मालिकेचे खरे बळ होय. रविवारच्या रंगीत पट्टीत तर कथा नसतेच. एखादा प्राणी, वनस्पती किंवा अधिवास यांची नेमकी माहिती असते. ज्या घरांत निसर्गविषयक पुस्तक येत नव्हते, तेथेही ही पट्टी वर्तमानपत्राबरोबर पोहोचली, हे तिचे मोठे काम.

रविवारच्या पट्ट्या १९७८ पर्यंत टॉम हिल काढत. त्या वर्षी डॉड निवृत्त झाले आणि त्यांचे सहायक जॅक एलरॉड यांनी मालिका हाती घेतली. पुढे जेम्स ॲलन व ऑक्टोबर २०२० पासून ज्यूल्स रिवेरा यांच्याकडे ती आली. रिवेरा यांनी रेखाटनाची धाटणी व मार्कचा स्वभाव पालटला; जुन्या वाचकांपैकी काहींना ते रुचले नाही, पण आजच्या पर्यावरणप्रश्नांना भिडण्यासाठी हा बदल आवश्यक होता.

डॉड यांच्या निधनाच्या वर्षीच, १९९१ मध्ये, जॉर्जियातील चॅटाहूची राष्ट्रीय वनाचा सुमारे १६ हजार एकरांचा भाग ‘मार्क ट्रेल वन्यक्षेत्र’ म्हणून राखीव करण्यात आला. ॲपलाचियन पदभ्रमणमार्ग त्यातून जातो.