केवलादेव : बंदुकीच्या वाटेवर आलेला कॅमेरा

१/ राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळी दुपारी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला वाटेच्या दोन्ही अंगांना पाणी दिसते, पाण्यात बदकांचे थवे आणि बाभळींवर चित्रबलाक दिसतात. हे सारे निसर्गानेच मांडले असावे, असे वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

२/ हा मुळात पुराचे पाणी साचणारा सखल प्रदेश. अठराव्या शतकात भरतपूरच्या राज्यकर्त्यांनी येथे अजान बांध घातला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संस्थानाने कालवे काढले, लहान बांध घातले आणि पाणी खेळवले. हेतू होता बदकांच्या शिकारीचा.

३/ केवलादेव महादेवाच्या मंदिराजवळ या शिकारींची नोंद दगडावर कोरलेली आहे. आरंभी १९०२ सालच्या शिकारीत व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचे नाव येते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी मारले गेले.

४/ स्वातंत्र्यानंतर हे पाणी शेतीकडे वळवावे, अशी मागणी झाली. मुंबईचे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी ही पाणथळ राखण्यासाठी आपले वजन खर्ची घातले. १९८१ मध्ये ती रामसर यादीत आली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरली.

५/ या दोन सन्मानांच्या मधला प्रसंग क्वचितच सांगितला जातो. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये येथील गुरेचराई बंद करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या येथे म्हशी चारणारे गावकरी विरोधात उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातील काहींचा बळी गेला.

६/ त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासातून दिसले ते असे : म्हशी गेल्यावर गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. ज्यांना उपद्रवी मानून बाहेर काढले, ती जनावरेच हे पाणी मोकळे ठेवत होती.

७/ म्हणून केवलादेवला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणता येत नाही. राजांचा बांध, गावकऱ्यांच्या म्हशी आणि अभ्यासकांची चिकाटी, या तिन्हींनी तो घडवला. तेथे गेलात, तर मंदिराजवळच्या त्या दगडाचेही छायाचित्र जरूर घ्या. त्यावर व्हाइसरॉयांची नावे आहेत आणि मारलेल्या पक्ष्यांचे आकडेही आहेत. १९८२ मधल्या गावकऱ्यांची आठवण मात्र आपल्यालाच ठेवावी लागेल.