नव्या टाकीत माशांचा रंग का उतरतो?

दुकानातील काचपेटीत निळ्या-तांबड्या पट्ट्यांनी झळकणारा निऑन टेट्रा घरच्या नव्या टाकीत सोडला, की तासाभरात फिकट दिसू लागतो. मासा आजारी निघाला असे समजून अनेक जण लगेच पाण्यात औषध ओततात. वस्तुतः रंग उतरण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील काही निरुपद्रवी, तर काही जीवघेणी असतात. रंग किती काळात उतरला आणि मासा वागतो कसा, यावरून त्यांतील भेद ओळखता येतो.

माशांच्या त्वचेत रंगपेशी असतात. काळ्या पेशींत मेलॅनिन, तर पिवळ्या व तांबड्या पेशींत प्रामुख्याने कॅरोटिनॉइड आणि टेरिडिन ही द्रव्ये आढळतात. निऑन टेट्राचा निळा पट्टा मात्र रंगद्रव्याचा नसतो. ग्वानीनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांवरून परावर्तित झालेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. रंगद्रव्याचे कण पेशीभर पसरले की त्वचा गडद होते, मध्यभागी गोळा झाले की फिकट. पकडणे, पिशवीतील प्रवास आणि तापमानातील फरक यांचा ताण आला की मज्जासंस्थेकडून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, कण गोळा होतात आणि मासा काही मिनिटांत फिका पडतो. विसावा मिळाला, की साधारणतः एक-दोन दिवसांत रंग परततो. रात्री दिवा बंद असताना निऑन टेट्रा फिका दिसतो, हाही निसर्गक्रमच होय.

तळाचा परिणाम याहून चिवट असतो. वरून येणारा आणि तळावरून परतणारा प्रकाश यांची तुलना माशाचे डोळे करतात. पांढरी वाळू किंवा फिकट खडी असेल, तर शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून मासा फिकट होतो. काही आठवडे हीच स्थिती राहिल्यास काळ्या पेशींची संख्याही घटते. गडद खडी, पाणवनस्पती आणि मागील काचेस काळा कागद एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

खरा धोका पाण्यात असतो. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे नसतात. ते फिल्टरमध्ये रुजण्यास साधारणतः 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर पाणी स्वच्छ दिसूनही विषारी असू शकते. अमोनिया कल्ले जाळतो, तर नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. दोन-तीन दिवसांनंतरही रंग न परतणे, पर मिटून राहणे, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी अमोनिया व नायट्राइट तपासण्याचा संच वापरावा, खाद्य कमी करावे आणि रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने आधी काढून टाकावे. काही जंतुनाशक औषधांनी उपयुक्त जिवाणूही मरतात व संकट वाढते.

काही महिन्यांत हळूहळू उतरणारा रंग बहुधा आहाराशी निगडित असतो. कॅरोटिनॉइड द्रव्ये मासे स्वतः तयार करू शकत नाहीत. गोल्डफिशचा केशरी रंग टिकण्यासाठी स्पिरुलिना किंवा कोळंबीयुक्त खाद्य उपयोगी पडते. भारतीय काचमाशाच्या पारदर्शक अंगात सुईने कृत्रिम रंग भरून तो विकण्याची क्रूर प्रथाही आहे. हा रंग काही महिन्यांत जातोच. असे मासे विकतच घेऊ नयेत.

नवा मासा आणल्यावर पिशवी 15 ते 20 मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, तीत टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळावे आणि मग मासा जाळीने सोडावा. पहिला दिवस दिवा बंद ठेवावा. त्यानंतरही मासा फिका राहिला, तर औषधाची बाटली उघडण्यापूर्वी पाणी तपासावे. मासा वाचण्याची शक्यता त्यानेच अधिक वाढते.