प्रकल्प नियोजनातील चुका

प्रकल्प नियोजनातील चुका बहुधा काम सुरू होण्यापूर्वीच घडतात. जमीन व परवानग्या हाती नसताना आरंभ करणे आणि खर्च कमी धरणे या त्यांतील प्रमुख होत. विदर्भातील गोसीखुर्द धरण हे याचे ठळक उदाहरण. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील या प्रकल्पाला १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली. भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. भूसंपादन व पुनर्वसन रखडले आणि सुधारित अंदाज १८,००० कोटींपलीकडे गेला. महागाईचा वाटा त्यात आहेच. पण एवढी वाढ केवळ तिने होत नाही. धरण उभे राहिले, तरी कालव्याची जमीन ताब्यात नसल्यास पाणी शेतापर्यंत पोहोचत नाही. कारखान्याची इमारत बांधून झाल्यावर वीजजोडणीसाठी अर्ज करणे, ही त्याच जातीची चूक होय. यासाठी वेळापत्रक अखेरच्या टप्प्यापासून मागे मोजत आखतात.