पिना बसल्या म्हणजे जोडी जमली असं नाही

बारामती, भिगवण, इंदापूर या पट्ट्यातून एक प्रश्न सारखा येतो: "दादा, प्रोसेसर घेतलाय, आता मदरबोर्ड कुठला घेऊ?" म्हणजे वरात निघाली आणि नवरी ठरायची आहे! पुण्यात राहणारा पोरगा तपकीर गल्लीतून घेतलेला बोर्ड जमला नाही तर संध्याकाळी परत घेऊन जातो. इंदापूरहून तेच करायचं तर एसटीचा अख्खा दिवस, आणि जुना माल दुकानदार परत घेईलच असं नाही. म्हणून आज या जोडीचा इतिहास.

आपल्याकडे हे ट्रॅक्टरवरून लगेच कळेल. ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटर दुसऱ्या कंपनीचा, तरी मागच्या तीन पॉइंटना जोडला की काम सुरू. हॅरी फर्ग्युसनने १९२६ मध्ये पेटंट घेतलेली ही जोडणी पुढे सगळ्यांचीच झाली.

कॉम्प्युटरमध्येही असा काळ होता. १९९० च्या दशकात 'सॉकेट ७' होतं. त्यात इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचा के६ बसायचा आणि सायरिक्सची चिपसुद्धा. बोर्डावरचे छोटे जंपर हलवायचे, व्होल्टेज आणि वेग जुळवायचा. व्होल्टेज चुकलं तर चिप जळायची, तो भाग वेगळा.

१९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ आणला आणि सॉकेटच सोडून दिलं. चिप कॅसेटसारख्या डब्यात, आणि डबा उभा 'स्लॉट १' मध्ये. ही जोडणी इंटेलने स्वतःच्या हक्कात ठेवली. मग १९९९ मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉनसाठी 'स्लॉट ए' काढला. गंमत बघा, खाच तीच, फक्त उलटी फिरवलेली, पण आतल्या जोडण्यांचा अर्थ पूर्ण वेगळा. तिथून दोन घरं वेगळी झाली, ती आजतागायत.

२००४ मध्ये इंटेलने पिना चिपवरून काढून बोर्डावर नेल्या. एएमडीने साध्या डेस्कटॉपसाठी हे २०२२ मध्ये एएम५ आणताना केलं. त्यामुळे जुना इंटेल बोर्ड घेताना मोबाइलचा टॉर्च लावून सॉकेटमधल्या पिना बघा. एएमडीच्या एएम४ मध्ये चिप उलटी करून बघा.

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते २०१७ चं प्रकरण. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट एलजीए ११५१. आठवी पिढी आली, तिचंही एलजीए ११५१. नाव तेच, संख्या तीच, चिप आत व्यवस्थित बसते. पण १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर ती सुरू होत नाही, ३०० मालिकाच लागते. इंटेलचं म्हणणं, कोर वाढले, वीज जास्त लागते. हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून काही जुन्या बोर्डांवर त्याच चिप चालवून दाखवल्या. वीज हे कारण खोटं नसेल, पण पुरतं खरंही नव्हतं, असं माझं मत. तेव्हा आय५ ८४०० आणि बी२५० बोर्ड दाखवून कुणी "दोन्ही ११५१ आहे, बसतंय" म्हणालं, तर बसतंय हे खरं. चालणार नाही.

एएमडीने उलटा रस्ता धरला, तरी भांडण झालंच. एएम४ सॉकेट २०१६ चं, त्यावर रायझन आले २०१७ मध्ये. मे २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की पुढचे झेन ३ प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाहीत. कारण? बायोस ज्या चिपमध्ये असतो ती बऱ्याच बोर्डांवर फक्त १६ एमबीची, तिच्यात इतक्या प्रोसेसरांची माहिती मावेना. ग्राहक भडकले आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर ३०० मालिकेलाही दार उघडलं.

म्हणूनच आज ए३२० सारख्या स्वस्तातल्या जुन्या बोर्डावरही रायझन ५ ५६०० चालू शकतो. पण बायोस नवा हवा. जुन्या बायोसवर पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी राहते. बायोस नवा करायला साधारणपणे त्या बोर्डावर चालणारा आधीचा प्रोसेसर लागतो. २०१८ मध्ये असेच अडकलेल्या ग्राहकांना एएमडीने अपडेटपुरता प्रोसेसर उसना दिला होता! इंदापुरात तो कुणाकडून आणणार? रंगीत लायटिंगचे पैसे वाचवा आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड बघा. पेनड्राइव्ह लावला की प्रोसेसर नसतानाही बायोस नवा होतो. नाहीतर विकणाऱ्याकडूनच अपडेट करून घ्या, स्क्रीनवर आवृत्ती बघा, मगच पैसे द्या.

आणि हो, ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं. कार्ड न लावता स्क्रीन काळी दिसली तर बोर्डाला शिव्या देऊ नका. ५६००जी मध्ये ते असतं.

इंटेलची बारावी पिढी घेणाऱ्यांनी एक बघा: एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ रॅमचे आहेत, काही डीडीआर५ चे. सॉकेट एकच, पण एकाची रॅम दुसऱ्यात जात नाही.

पैसे देण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसर यादी उघडा. तुमच्या प्रोसेसरसमोर कुठल्या आवृत्तीपासूनचा बायोस लागतो ते लिहिलेलं असतं. बोर्डावर रिव्हिजन नंबर छापलेला असेल तर तोही जुळवा. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनची यादी वेगळी असू शकते.